भितरकनिका : मगरी, कांदळवन आणि काठावरची माणसे

शुक्रवार : भुवनेश्वर ते डांगमाळ

भुवनेश्वरहून पहाटे निघालेली गाडी कटक आणि केंद्रपाडा ओलांडून पट्टामुंडईच्या पुढे आली, की जमीन इतकी सपाट होते की रस्त्याचा बांध हाच त्या मुलखातला सर्वांत उंच भाग वाटू लागतो. ब्राह्मणी आणि वैतरणी या नद्यांनी आणलेल्या गाळाचा हा त्रिभुज प्रदेश आहे. भातकापणी उरकलेली खाचरे, प्रत्येक घरामागे एक तळे, कालव्यांवरचे अरुंद पूल आणि अधूनमधून दिसणारी चक्रीवादळ निवाऱ्याची खांबांवर उभी असलेली पक्की इमारत, एवढेच दृश्य राजनगरपर्यंत सोबत करते. वन विभागाचे कार्यालय राजनगरला आहे आणि तिथून थोड्या अंतरावर असलेल्या गुप्तीच्या धक्क्यावर रस्ता संपून पाणी सुरू होते.

गुप्तीला परवान्याची कागदपत्रे पाहिली जातात आणि पिशव्यांतले प्लॅस्टिक तपासले जाते. बोट भरतीच्या वेळेनुसार सुटणार असल्याने हाताशी बराच वेळ होता आणि तो धक्क्यावरचा नकाशा वाचण्यात गेला. भितरकनिका हे नाव आपण एका जंगलासाठी वापरतो, पण प्रत्यक्षात इथे एकमेकांना लागून असलेली तीन संरक्षित क्षेत्रे आहेत. 1975 साली 672 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले, त्याच्या गाभ्यातील 145 चौरस किलोमीटरला 1998 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि पूर्वेकडे समुद्रात पसरलेले 1,435 चौरस किलोमीटरचे गहीरमथा सागरी अभयारण्य 1997 साली अस्तित्वात आले. 2002 पासून हा पाणथळ प्रदेश रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. त्याआधी, 1952 साली जमीनदारी संपेपर्यंत, हे सारे रान कनिकाच्या राजाच्या मालकीचे होते.

नकाशावर न दाखवलेली एक गोष्ट मात्र धक्क्याच्या पलीकडेच दिसली. गावातल्या स्नानाच्या घाटावर पाण्यात बांबू रोवून कुंपण घातले होते आणि त्या कुंपणाच्या आत दोन बायका भांडी घासत होत्या. मगर आत येऊ नये म्हणून केलेली ही सोय पुढच्या प्रवासात अनेक ठिकाणी, कुठे बांबूची तर कुठे लोखंडी जाळीची, दिसत राहिली. मी या प्रदेशाविषयी आधी जे वाचले होते त्यात मगरींच्या वाढलेल्या संख्येचे कौतुक होते, या कुंपणांचा उल्लेख क्वचितच होता.

डांगमाळला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तिथल्या निसर्ग शिबिराची राहण्याची, जेवणाची आणि साफसफाईची कामे आसपासच्या गावांतली माणसे पाहतात आणि उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्यांच्या मजुरीवर खर्च होतो. ओडिशा सरकारने वनपर्यटनासाठी ही पद्धत राज्यभर लागू केली आहे. स्वयंपाकघरातल्या ताईंनी सांगितले की त्यांचे सासरे याच जंगलात चोरून लाकूड तोडत असत. हे सांगताना त्यांच्या आवाजात संकोच नव्हता, कारण त्या काळी चुलीला दुसरे काही नव्हते.

शनिवार : ओहोटीच्या वेळी खाडीत

खाऱ्या पाण्यातली मगर पाहायची तर हिवाळ्यातली ओहोटी गाठावी लागते. रात्रभर गारठलेले शरीर तापवण्यासाठी मगरी उघड्या पडलेल्या चिखलावर येऊन पडतात, आणि पाणी जितके खाली उतरेल तितका चिखलाचा पट्टा रुंद होतो. आमचा नावाडी याच भागात वाढलेला होता. तो इंजिन बंद करून होडी प्रवाहाबरोबर सोडून देई आणि आम्हाला काही दिसण्याच्या आधीच हाताने दिशा दाखवी.

पहिली मगर लहान, जेमतेम हातभर लांबीची होती. त्यानंतरच्या वळणावर चिखलात रुतून पडलेले, दोन्ही काठांच्या झाडांपेक्षा जुने वाटावे असे एक प्रचंड धूड होते. तोंड उघडे, दात बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. होडी पंधरा-वीस मीटरवर आल्यावर ते उठले नाही, नुसते घसरत पाण्यात उतरले, आणि एवढ्या आकाराच्या प्राण्याने पाण्यावर तरंगही उमटवू नये याचे मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटले. 2006 साली गिनीज बुकाने इथल्याच सुमारे 7 मीटर लांबीच्या एका नराची नोंद केली होती. तो अजून आहे का, असे विचारल्यावर नावाडी हसला आणि म्हणाला, की प्रत्येक पर्यटकाला वाटते आपण पाहिली तीच ती.

या मगरीला इथे ‘बाउळ’ म्हणतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कातडीसाठी झालेल्या शिकारीमुळे आणि अधिवास घटल्यामुळे ती इथून संपण्याच्या बेतात होती. 1975 साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने आणि मगरतज्ज्ञ डॉ. एच. आर. बस्टर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली डांगमाळला पैदास केंद्र सुरू झाले, तेव्हा साऱ्या नद्यांत मिळून शंभरहून कमी मगरी मोजल्या गेल्या होत्या. जंगलातल्या घरट्यांतून अंडी गोळा करायची, ती केंद्रात उबवायची, पिल्ले मीटरभराहून मोठी झाली की नदीत सोडायची, अशी ती साधी वाटणारी, पण वर्षानुवर्षे चिकाटीने चालवलेली पद्धत होती. अलीकडच्या गणनांमध्ये हा आकडा 1,800 च्या वर गेला आहे. गणना दर जानेवारीत होते. त्या दिवसांत पर्यटकांना बंदी असते आणि वनरक्षक व गावकऱ्यांची पथके होड्यांतून प्रत्येक खाडी पिंजून काढतात, दिवसा काठावरच्या मगरी मोजतात आणि रात्री विजेरीच्या प्रकाशात चमकणारे डोळे.

दुपारी केंद्रातला मगरीचा सांगाडा पाहिला आणि मादी अंडी कशी घालते हेही समजून घेतले. मे-जूनच्या सुमारास ती हेंताळ या काटेरी पाणखजुरीची पाने, माती आणि पालापाचोळा ओढून त्यांचा ढीग रचते, त्यात पन्नासेक अंडी घालते आणि अडीच महिने त्याच्या जवळपास राहते. ढिगाच्या आत तापमान किती आहे यावर पिल्ले नर होणार की मादी हे ठरते. उद्यान 1 मे ते 31 जुलै बंद ठेवण्याचे कारण हेच, कारण घरट्याजवळची मादी माणसाची गय करत नाही.

संख्या वाढली, पण नद्या तेवढ्याच राहिल्या. मोठे नर आपली हद्द सोडत नाहीत, म्हणून तरुण मगरी गावांच्या कालव्यांत आणि तळ्यांत शिरतात. दरवर्षी माणसे जखमी होतात, काही प्राण गमावतात, गुरे तर जातातच. ‘मगर आपली आहे, पण घाटही आपला आहे,’ असे नावाड्याने कुठलाही आव न आणता सांगितले. त्याच्या चुलत्यावर बारा-पंधरा वर्षांपूर्वी हल्ला झाला होता आणि तरीही पुतण्या पर्यटकांना मगरी दाखवून घर चालवतो. यात मला विसंगती दिसली नाही. माझ्या मते लोकसहभाग म्हणून जो शब्द आपण सर्रास वापरतो त्याचा इथला अर्थ हाच आहे, की रोजचा धोका आणि रोजची मिळकत एकाच नदीतून येतात आणि त्यांचा हिशेब गावाला स्वतःच मांडावा लागतो.

पक्ष्यांचे वर्णन थोडक्यात करतो, कारण खंड्यांच्या बाबतीत माझा उत्साह वाचकाला कंटाळा आणू शकतो. इथे आठ जातींचे खंड्या आढळतात. आम्हाला सहा दिसले. त्यातला तपकिरी पंखांचा, लाल चोचीचा खंड्या भारतात मुख्यतः बंगालच्या उपसागराच्या काठच्या कांदळवनांतच भेटतो, आणि तो खाडीवर वाकलेल्या फांदीवर बराच वेळ निवांत बसून राहिला.

रविवार : चिखलातली पायवाट

भितरकनिका बेटावरची पायवाट राजाच्या शिकारीच्या मनोऱ्यापासून जाते. मनोऱ्यासमोर गोड्या पाण्याचे तळे आहे. चहूकडे खारे पाणी असताना हरणे इथे पाणी प्यायला येत आणि राजा वरून नेम धरी. आता तिथे चितळांचा कळप निर्धास्त चरत होता आणि एक पाणघोरपड, चांगली माणसाच्या उंचीएवढी, तळ्याच्या काठाने चालत गेली. जवळच एक जुने शिवमंदिर आहे.

कोकणच्या खाड्या पाहिलेल्या माणसाला या जंगलातली काही झाडे लगेच ओळखू येतात. तिवर आहे, चिपी आहे, कांदळ आहे. चिखलावर उड्या मारणारे निवटे आहेत आणि एकच नांगी भलीमोठी असलेले रंगीत खेकडेही. पण आपल्याकडे न दिसणारी सुंद्री इथे मोठ्या संख्येने आहे आणि तिची एक जात, ‘हेरिटिएरा कनिकेन्सिस’, शास्त्रीय नावातही कनिका घेऊन वावरते. वाटाड्याने एका ठिकाणी थांबवून तिवराचे पान चाटायला सांगितले. ते खारट लागले, कारण मुळांवाटे आत आलेले मीठ हे झाड पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. कांदळ वेगळी युक्ती करते, ते बरेचसे मीठ मुळांतच अडवते. शिवाय त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि हिरव्या शेंगेसारखे लांब रोप चिखलात पडून तिथेच उभे राहते. प्राणवायू नसलेल्या या चिखलात मुळांनी श्वास कसा घ्यायचा, या एकाच प्रश्नाची प्रत्येक झाडाने निराळी सोडवणूक केली आहे. चिपीची मुळे जमिनीतून टोकदार खुंट्यांसारखी वर येतात, कांदळ कमानीसारख्या आधारमुळांवर उभे राहते, सुंद्रीच्या बुंध्याला फळ्यांसारख्या पाखी फुटतात.

नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी कुठे किती मिसळते यावर कोणते झाड कुठे वाढेल हे ठरते. सुंद्रीला गोडे पाणी जास्त लागते. वरच्या भागात ब्राह्मणीचे पाणी उद्योगांसाठी आणि सिंचनासाठी वळवले गेले, तर खाली खारटपणा वाढतो आणि पहिला फटका सुंद्रीला बसतो. जंगलाची तार-कुंपणाने राखण करता येते, पण शंभर-दीडशे किलोमीटर वर अडवलेल्या पाण्यावर इथल्या वनरक्षकाचा काहीही ताबा नसतो.

बगागहन ही पक्ष्यांची प्रसिद्ध वसाहत जानेवारीत रिकामी होती. उघड्या चोचीचे करकोचे, बगळे, पाणकावळे आणि तिरंदाज पावसाळ्यात इथे हजारोंनी घरटी करतात. आम्ही मनोऱ्यावरून फक्त काटक्यांचे सांगाडे पाहिले आणि परतलो.

दुपारनंतर काठावरच्या एका गावात गेलो. तिथे बचत गटाच्या बायका कांदळवनाची रोपवाटिका सांभाळतात आणि खेकड्यांची शेतीही करतात. किनारपट्टीवरच्या समाजांना हवामानबदलाशी तोंड देता यावे म्हणून 2019 साली आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशा या राज्यांत हरित हवामान निधी या आंतरराष्ट्रीय निधीच्या मदतीने एक मोठा प्रकल्प सुरू झाला. रोपे लावण्यापेक्षा ती जगवणे कठीण, असे एका मावशींनी सांगितले. भरतीची उंची चुकली तर रोप कुजते, आणि शेळ्या तर कुठेही पोहोचतात.

त्याच गावात 1999 च्या महाचक्रीवादळाचा विषय निघाला. 29 ऑक्टोबरच्या त्या वादळाने ओडिशात सुमारे 10,000 माणसे गेली. केंद्रपाडा जिल्ह्यातल्या 400 हून अधिक गावांची पाहणी करून 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की गाव आणि समुद्र यांच्यामध्ये कांदळवनाचा पट्टा जितका रुंद, तितके तिथले मृत्यू कमी. त्याच अभ्यासाने हेही नोंदवले, की सर्वाधिक जीव वाचले ते वेळेवर मिळालेल्या इशाऱ्यामुळे. ही दुसरी बाब जंगलाच्या बाजूने बोलणारे सहसा सांगत नाहीत, आणि ती गाळल्याने जंगलाचे महत्त्व वाढत नाही. गावातल्या एका आजोबांना अभ्यास ठाऊक नव्हता, पण त्या रात्री आपण कोणत्या झाडाला बिलगून बसलो होतो ती जागा त्यांनी दाखवली. वादळानंतर त्या गावातले लाकूडतोडीचे प्रमाण घटले, असे तिथल्या अनेकांनी सांगितले. त्याआधी कोळंबीच्या ‘घेरी’, म्हणजे बांध घालून खारे पाणी कोंडलेली तळी, करण्यासाठी रान साफ होत होते. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर बेकायदा घेरी तोडण्याच्या मोहिमा झाल्या. तरीही होडीतून जाताना नव्या बांधांच्या रेषा दिसतात.

सोमवार : हबलीखाटीचा किनारा

डांगमाळहून नदीने समुद्राकडे जाताना झाडांची उंची कमी होत जाते, पाणी फाकते आणि एका वळणानंतर वाळू दिसते. हबलीखाटीचा किनारा सुरूच्या झाडांमागे लांबवर पसरलेला आहे. गहीरमथाच्या कासवांची अंडी घालण्याची मूळ जागा याच पट्ट्यात होती, पण किनारा खचत गेला, तुटला, आणि आता ऑलिव्ह रिडले कासवांचे सामूहिक आगमन मुख्यतः नासी नावाच्या वाळूच्या बेटांवर होते. तिथे पर्यटकांना जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. जवळच संरक्षण खात्याचे क्षेपणास्त्र चाचणी बेट आहे. कासवांच्या हंगामात तिथले दिवे मंद ठेवले जातात, कारण प्रकाशामुळे पिल्ले समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात.

1974 साली बस्टर्ड यांनी या किनाऱ्यावरच्या सामूहिक अंडी घालण्याची शास्त्रीय जगाला ओळख करून दिली. गावकऱ्यांना ती आधीपासून माहीत होती. तोवर अंडी गोळा करण्याचे ठेके रीतसर दिले जात आणि होड्या भरभरून ती विकली जात. एक मादी शंभरेक अंडी घालते आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. काही वर्षी लाखो माद्या येतात, काही वर्षी जवळजवळ येतच नाहीत.

कासव हवेवर श्वास घेते, म्हणून ट्रॉलच्या, म्हणजे यांत्रिक बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या, जाळ्यात अडकले की बुडून मरते. किनाऱ्यावर आम्हाला दोन मेलेली कासवे दिसली. त्यासाठीच 1 नोव्हेंबर ते 31 मे असे सात महिने धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांसमोर किनाऱ्यापासून 20 किलोमीटरपर्यंत मासेमारीला बंदी असते. परतीच्या वाटेवर होडी दुरुस्त करत बसलेल्या एका मच्छीमाराशी बोलणे झाले. कासवाला तो देव मानतो, त्याच्या घरी कासव कधी खाल्ले गेले नाही. त्याचे म्हणणे एवढेच होते, की मोठ्या ट्रॉलरने मारलेल्या कासवाची शिक्षा छोट्या होडीला का. बंदीच्या काळासाठी सरकार बाधित कुटुंबांना काही रक्कम देते, पण ती यादीत नाव असलेल्यांनाच मिळते. सात महिन्यांत काय करतोस, असे विचारल्यावर त्याने केरळमधल्या बांधकामांचे नाव घेतले. भाऊ तिथेच होता.

संध्याकाळी चिखलाच्या पट्ट्यांवर चक्रवाक आणि शेपटीची लांब पिसे मिरवणारी बदके उतरली होती. पट्टकादंब हंसांचा थवा मात्र दूरवरूनच गेला.

मंगळवार : बागपाटिया

गुप्तीला परत येऊन आम्ही बागपाटियाकडे वळलो. सातभाया हा समुद्रकाठचा गावांचा समूह होता. समुद्राने त्यातली गावे एकेक करून घेतली आणि उरलेल्या 571 कुटुंबांसाठी बागपाटियाला पुनर्वसन वसाहत बांधली गेली. समुद्राने विस्थापित केलेल्यांसाठी नियोजनपूर्वक केलेल्या भारतातल्या सुरुवातीच्या स्थलांतरांत तिची गणना होते. रस्ते सरळ आहेत, घरे एका मापाची आहेत, वीज आहे, शाळा आहे. घरापुरती जागा मिळाली. भाताची जमीन पाण्याखाली गेली ती गेलीच, आणि तिच्या बदल्यात शेत मिळाले नाही, हे तिथल्या एका गृहस्थांनी बसायला खुर्ची देण्याआधीच सांगितले.

गावाबरोबर देवीही हलवावी लागली. पंचुबराही मंदिराच्या पूजेचा मान मच्छीमार दलित कुटुंबांतल्या विवाहित स्त्रियांचा आहे आणि पुरुषांनी मूर्तींना स्पर्श करायचा नाही अशी रीत आहे. 2018 च्या एप्रिलमध्ये पाच जड पाषाणमूर्ती होडीतून इकडे आणायच्या तेव्हा पुरुषांचे हात लागल्याशिवाय ते होणे शक्य नव्हते. ते काम झाल्यावर मूर्तींची शुद्धी करून पूजा पुन्हा स्त्रियांकडे आली. आम्ही गेलो तेव्हा पूजा आटोपली होती आणि पुजारीणबाई पायरीवर बसून नातवाचा अभ्यास घेत होत्या. जुन्या देवळाच्या जागी आता काय आहे, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की ओहोटीला वाळू दिसते.

वसाहतीच्या कडेने कांदळवनाची नवी लागवड दिसते. ती रोपे लावणाऱ्यांत याच घरांतली माणसे आहेत. जंगलात शिरून लाकूड आणि मध आणण्यावर बंदी आली तेव्हा सातभायाच्या लोकांनी आंदोलने केली होती. आता त्यांच्यातले काही पहारेकरी आहेत, काही होड्या चालवतात, आणि काही जण अजूनही रात्री जाळी टाकतात. या तिन्ही प्रकारच्या माणसांशी एकाच ओसरीवर बोलता आले, कारण ती एकाच कुटुंबातली होती.

जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो. डिसेंबर ते फेब्रुवारी मगरी आणि स्थलांतरित पक्षी यांच्यासाठी उत्तम, मात्र जानेवारीच्या सुरुवातीला गणनेचे दिवस विचारून घ्यावेत. बगागहनची वसाहत पाहायची तर ऑगस्टमध्ये उद्यान उघडल्याबरोबर जावे, तेव्हा चिखल आणि डास दोन्ही भरपूर असतात. राहण्याचे आरक्षण आधी करावे आणि होडीची वेळ आपल्या सोयीने नव्हे, भरती-ओहोटी पाहून ठरवावी. भद्रक स्थानकावरून चांदबालीमार्गेही येता येते, आणि उत्तरेकडून येणाऱ्यांना तो रस्ता जवळचा पडतो.